आकड्याचे बोल्ट

लढाईच्या दिवसांत बोल्ट मिळत नव्हते, म्हणून नांदुऱ्याच्या एका कापसाच्या जिनिंगच्या शेडवरचे पत्रे जहांगीर मिस्त्रीने नुसते खिळ्यांनी ठोकले. वादळात खिळे उपसले, पत्रा उडाला आणि खाली उभा असलेला त्याचा जोडीदार सईद जागीच गेला.

वर्षभराने सईदची बायको गौसिया म्हणाली, "जहांगीरभाई, माह्या घरावर पत्रे तुम्हीच टाका. पण आता उडू देऊ नका."

जहांगीरने खामगावहून आकड्याचे बोल्ट शोधून आणले. आकडा खालून आडव्या लाकडाला धरून बसतो आणि वर नट आवळला की पत्रा हलत नाही. गौसिया घरातून एकेक बोल्ट भोकातून वर सारायची आणि छपरावर बसलेला जहांगीर वायसरची चकती घालून नट आवळायचा.

दुपारी आकडा बसला की खालून दोनदा टकटक होऊ लागली. जोडीने काम करताना सईदची तशीच ठोकायची सवय होती. जहांगीर म्हणाला, "भाभी, ठोकू नका ना!"

तेवढ्यात गौसिया डोक्यावर हंडा घेऊन गल्लीतून येताना दिसली. "मी तं कवाची हिरीवर गेली होती," ती म्हणाली. "काऊन, काय झालं?"

घरात दुसरं कोणी नव्हतं. जहांगीरसमोरच्या भोकातून पुढचा बोल्ट सावकाश वर आला.

"सईद, माफ कर मले," तो पुटपुटला आणि त्याने नट बसवला.

ते छप्पर पुढे कुठल्याच वादळात उडालं नाही. जहांगीर मात्र पुन्हा कधी छपरावर चढला नाही.