परीला काम नको म्हणे

आमच्या वन्संना दया फार. माणसांची नाही हो, मुक्या प्राण्यांची. माणसं उलट उत्तरं देतात, त्यामुळे त्यांच्या वाट्याला ती जरा कमीच येते. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. बेवारस प्राण्यांना घरं शोधून देणारी संस्था चालवतात, आणि ज्याला घर सापडत नाही त्याला "दोनच दिवस गं, वहिनी" म्हणत माझ्याकडे आणून सोडतात. असंच एक मांजर दोन दिवसांसाठी आलं होतं, ते म्हातारं होऊन माझ्याच मांडीवर गेलं.

या वेळी आणली ती कुत्री. काळी-पांढरी, मेंढ्या राखणारी जात. मालकाने मेंढ्या विकल्या आणि गाव सोडताना हिला रस्त्याकडेच्या खांबाला साखळीने बांधून निघून गेला. मेल्याला त्याच साखळीने बांधायला हवं होतं. वन्संनी तिला सोडवून आणलं, परी असं नाव ठेवलं आणि जाहीर केलं, "आयुष्यभर राबवलंय बिचारीला. आता हिने फक्त आराम करायचा."

परीला कोणी विचारलं नव्हतं.

पहिले तीन महिने संस्थेत वन्संच्या मांडीवर गेले, मग पहिलं घर मिळालं एका आर्किटेक्टचं. पांढरा सोफा, पांढरा गालिचा, पांढऱ्या भिंती. काळी-पांढरी कुत्री त्यात शोभून दिसेल असं त्याला वाटलं. त्याने मित्रमंडळींना पार्टीला बोलावलं. परीने पाहिलं, माणसं घरभर पांगलीत. तिने एकेकाला पोटरीशी ढुशी देत, वाट अडवत, सगळ्यांना बाथरूममध्ये गोळा केलं आणि दारात बसून राहिली. दुसऱ्या दिवशी परी परत. दुसरं घर निवृत्त न्यायाधीशांचं. ते सकाळी फिरायला निघाले की ही त्यांना वळवून पुन्हा घरात आणायची. जन्मभर लोकांना आत टाकलं त्या गृहस्थांनी, पण स्वतः आत बसायची पाळी आली तर चवताळले. एकदा जोर करून निघाले तेव्हा तिने टाचेला दात लावला. नुसता लावला हो! पण पट्टी अशी बांधून आले की बघणाऱ्याला वाटावं, अर्धा पाय गेला.

संस्थेचे अध्यक्ष गंभीर झाले. गंभीर होणं हेच त्यांचं काम. "दोनदा परत आली, वर चावरी. तिसऱ्यांदा आली तर डॉक्टरांकडून सुई द्यावी लागेल. शेवटी संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे."

म्हणजे नाव संस्थेचं आणि जीव परीचा.

तोवर ती राहणार कुठे? तिसऱ्या मजल्यावर, माझ्याकडे. खरं सांगते, मला कुत्र्यांचं काडीचं प्रेम नाही. पण आमच्या घरात जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसायचा. हे पेपर घेऊन गॅलरीत, मुलगी कानात गाण्याची बोंडं घालून पलंगावर, सासरे टीव्हीसमोर. परी आल्यावर मी ताटं मांडायची आणि गप्प उभी राहायची. पाच मिनिटांत तिघेही टेबलाशी! सासरे तर म्हणायचे, "सूनबाई, ही तुझ्याहून कडक आहे." मी आपली गालातल्या गालात हसायची. जीव जडला मेला, दुसरं काय.

पण उरलेला दिवसभर ती टेबलाभोवती गोल गोल फिरायची, थांबायचीच नाही. फिरून फिरून पंजे सोलवटले. दाराची चौकट कुरतडून ठेवली. एकदा दार उघडं राहिलं तर जिना उतरून थेट रस्त्यावर, आणि येणाऱ्या बसपुढे आडवी. तिला बस वळवायची होती. ड्रायव्हरने ब्रेक दाबला म्हणून वाचली. त्या दिवशी मी तिला पोटाशी धरून जिन्यात बसले आणि मला कळून चुकलं, हिला माझ्याकडे ठेवणं म्हणजे हिला मारणंच आहे.

त्याच आठवड्यात मी वन्संना भेटायला संस्थेत गेले असताना तिथे एक बाई आली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, आवाज असा की खिडकीच्या काचा थरथराव्यात. शहराबाहेर तिचा मेंढ्यांचा कळप होता.

"तुमच्याकडे मेंढ्यांची कुत्री आहे म्हणे," ती म्हणाली. "माझा कुत्रा वारला. सध्या नवऱ्यालाच पळवते मेंढ्यांमागे, पण त्याला शिट्टी कळत नाही."

माझ्या मनात आलं, चला, देवच पावला. पण वन्संचा चेहरा पडला होता.

"म्हणजे तुम्ही तिच्याकडून काम करून घेणार?"

"मग काय, मी तिच्यासाठी काम करू?"

"आमच्या संस्थेचा नियम आहे," अध्यक्ष म्हणाले. "प्राण्याला राबवणाऱ्या घरात प्राणी द्यायचा नाही."

बाईने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे लोक बरे आहेत ना?" तिने मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बूट आपटत निघून गेली. मी जिन्यापर्यंत मागे धावले आणि तिचा पत्ता विचारून घेतला. का, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

मेंढ्यांची कुत्री मेंढ्यांना द्यायची नाही! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, पण इथे कुत्र्यालाही पीठ मिळत नव्हतं. वन्संनी तिसरं घर शोधलं ते ध्यान शिकवणाऱ्या बाईंचं. तिथे वीस माणसं डोळे मिटून हॉलभर लांब लांब बसतात. लांब लांब! मी हात जोडून सांगितलं, "वन्सं, ती त्यांना एका कोपऱ्यात रचून ठेवेल. परत येईल आणि तुमचे अध्यक्ष सुई काढतील."

"शांत वातावरणात शांत होईल ती," वन्सं म्हणाल्या. "वहिनी, तू फक्त तिला नेऊन सोड."

नेऊन सोडली. फक्त ध्यानवाल्या बाईंकडे नाही, मेंढीवालीकडे. डोंगराच्या कुशीतलं गवताळ रान, आणि त्यात विखुरलेल्या मेंढ्या. गाडीचं दार उघडलं तशी परी एकदम खाली बसली, कान ताठ, अंग थरथरतंय. मेंढीवालीने शिट्टी घातली. परी सुटली ती अशी सुटली! लांबून वळसा घेऊन तिने सगळा कळप एकत्र आणला. माझ्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. कृतघ्न मेली, म्हटलं, आणि घरी येईपर्यंत गाडीत रडत होते.

हे लपून थोडंच राहणार? ध्यानवाल्या बाईंचा फोन गेला, कुत्री आलीच नाही. वन्सं तणतणत आल्या, मी खरं काय ते सांगून टाकलं. "तू तिला पुन्हा वेठीला जुंपलंस? तूसुद्धा?" मला गाडीत कोंबलं, अध्यक्षांना घेतलं, सुटकेचा फोटो काढायला एक फोटोग्राफर घेतला, आणि आमची वरात रानात पोहोचली.

मेंढीवाली कुंपणाशी उभी होती. जवळच तारेचा वाडा, फाटक उघडं, अर्ध्या मेंढ्या आत गेलेल्या. परी उरलेल्या आणत होती.

"आता तिला पकडायचं," अध्यक्षांनी हुकूम सोडला. "तुम्ही तिकडून, मी इकडून. पांगा!"

पांगा म्हणाले हो ते! परी जागच्या जागी थबकली. तीन माणसं, तीन दिशांना. तिने पोट जमिनीसरसं केलं आणि निघाली. आधी फोटोग्राफरला वळवलं. मग अध्यक्षांना. ते "हट! हट!" करत मागे मागे सरकत होते, म्हणजे तिला हवं तिकडेच. वन्सं ओरडत होत्या, "परी, मी आहे गं, मी!" पण त्याही मागे मागेच जात होत्या. बघता बघता तिघेही मेंढ्यांसकट वाड्यात. मेंढीवालीने सवयीने फाटक ओढलं आणि तार अडकवली.

मी हसत सुटले. पोट धरून हसले. इतक्या दिवसांचा राग होता तो.

"उघडा!" अध्यक्ष किंचाळले. एक मेंढी त्यांच्या कोटाचं बटण चघळत होती.

वन्सं मात्र ओरडत नव्हत्या. त्यांनी तारेतून हात बाहेर काढला. "परी, ये बाळा. चल घरी."

परी फाटकाबाहेर आडवी पडली होती, जीभ लोंबत, शेपटी गवतावर आपटत. तिने वन्संकडे पाहिलं. तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून एक कोकरू सटकायला लागलं, आणि परी कोकराकडे धावली.

"वहिनी," वन्संचा आवाज फुटला. "तीन महिने मी तिला मांडीवर घेऊन बसायचे. एकदाही शेपटी हलवली नव्हती गं तिने."

आणि मेंढ्यांच्या मधोमध उभ्या राहून त्या लहान पोरीसारख्या हमसून हमसून रडल्या. माझं हसू कुठच्या कुठे गेलं.

"अहो, रडताय काय? आपल्या नियमाचं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"चुलीत घाला तुमचा नियम," वन्सं म्हणाल्या. "तिला घर मिळालंय."

मी जाऊन फाटकाची तार सोडवली.