बिनकडीचा मणी

मित्रांनो, मी एक जुना मणी आहे, चांदीचा, बोराएवढा, आतून पोकळ! हसू नका बरं, त्या पोकळीपायीच माया जीव गेला असता, अन् प्रेमिलाचं वर्ष बी!

ही १९७४ची गोष्ट. प्रेमिला नागपुरात कला महाविद्यालयात दागिने घडवाले शिके. वर्गात पोरी दोनच, ती अन् देवकी. प्रेमिलाचा बाप देवराव गांधीबागेत कापडाचे गठ्ठे वाहे. त्यानं बजावलं होतं, "यंदा नापास झाली तर शिक्षण बंद, कुही गावाले मामाकडं जाशीन, बास."

परीक्षेत तिनं पत्रा ठोकून दोन वाट्या केल्या. आगीत आतल्या हवेले वाट पाहिजे, म्हणून एकीले बारीक भोक पाडलं, अन् दोन्ही झाळून मले गोल केलं. पण घाईत झाळ, म्हणजे जोडाले लावाची धातू, जास्त झाली ना! वितळली, वाहली, भोकातच जाऊन बसली. मी चहूकडून बंद! वरतून मात्र असा गुळगुळीत का देवकी म्हणे, "वा वं, सांधा बी दिसून नाही राहिला!"

आता मले गळ्यात ओवाले वरतून कडी झाळाची होती, म्हणजे पुन्हा आग. हवा फुगली का मी तिच्या तोंडावरच फुटणार, हे मले समजे. पण सांगू कसा? नुसता घुसमटून राहिलो. मले पाण्यात धुऊन तिनं फुंकणी ओठाले लावली, अन् थांबली! मले कानाशी नेऊन हलवलं.

"मणी बोलते काय तुयासंग?" देवकी हसली.

"बोलून नाही राहिला ना! धुतल्यावर आत पाणी गेलं पाहिजे होतं. काहून वाजत नाही मग?"

तिनं सुई घेतली, टोकरत बसली, टोकरत बसली. भोक उघडलं अन् घंटा वाजली. कडी राहूनच गेली!

तपासाले आलेले बाबाराव सर म्हणाले, "कडी कुठं आहे, पोरी?"

"सर, भोक बुजलं होतं. कडी लावली असती तर मणी फुटला असता."

"घंटेची भीती नाही वाटली?"

"वाटली ना! पण डोळे दोनच आहेत, सर."

सर हसले नाहीत. काठावर पास केलं, पण पास केलं! प्रेमिला पुढच्या वर्गात गेली. मी मात्र नमुना म्हणून काचेच्या कपाटात गेलो. कुलूप लागलं, मी काळा पडलो, कोणी पाहत बी नाही.

मित्रांनो, त्या कपाटाची चावी शोधा. मले चिंचेनं घासा अन् एक कडी लावून द्या. मले कोणाच्या तरी गळ्यात राहाचं आहे.