सहाची बोट

मी एक जुना फळा आहे. लाकडी नाही, दगडी. इटलीच्या किनाऱ्यावर रिवासेक्का नावाचे लहान गाव आहे. त्याच्या मागच्या डोंगरातून मला काढले. तिथला दगड काळा असतो आणि पापुद्र्यांसारखा सुटतो. त्या काळी अशा लाद्या बायका डोक्यावर घेऊन समुद्रापर्यंत उतरत. मलाही एका बाईने आणले. तिचे नाव मला माहीत नाही. तिचा घाम माझ्या कडेला लागला होता, एवढे आठवते.

पुढे चाळीस वर्षे मी गावच्या शाळेत होतो. बेरजा आणि नद्यांची नावे मी अंगावर घेतली. मग तरुण माणसे शहरात गेली, मुले कमी होत गेली आणि एक दिवस शाळा बंद झाली. एका माणसाने मला नेले आणि कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून लावले. मित्रांनो, कोंबड्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्यांना वाचता येत नव्हते.

तिथून मला एमलिनने सोडवले. एमलिन आणि त्याची बायको ग्वेन्डा हे वेल्सचे. म्हातारपणी ते या गावात राहायला आले होते. एमलिनचा बाप तिकडे अशाच काळ्या दगडाच्या खाणीत कामाला होता. खुराड्यापाशी एमलिन थांबला, खाली बसला आणि बोटाच्या पेराने त्याने मला ठोकले. दगड आतून तडकलेला असला तर आवाज बद्द येतो. माझा खणखणीत आला.

"अगं, हा शाळेचा फळा आहे," तो म्हणाला. "एकदम धडधाकट आहे."

"मग इथे कोंबड्यांना काय शिकवतोय?" ग्वेन्डा म्हणाली.

त्यांनी मला धुतले आणि बसथांब्याजवळच्या ओर्नेल्लाच्या बारबाहेर, पत्र्याच्या छपराखाली, भिंतीला लावले. आमच्याकडे बार म्हणजे सकाळची कॉफी, दुपारचा पाव आणि बसची तिकिटे. ओर्नेल्ला तेव्हा पन्नाशीची होती. आवाज मोठा, हात त्याहून मोठे.

ग्वेन्डाने मला का आणले, तेही सांगतो. तिचे गावातले पहिले वर्ष वाईट गेले होते. तिकीट न काढता ती बसमध्ये चढली आणि तिला पुढच्या थांब्यावर उतरवले. सलग तीन सोमवार ती पाव आणायला गेली आणि बंद दारापुढे उभी राहिली. एकदा जेवून लगेच ती पोहायला उतरली, तर किनाऱ्यावरच्या सगळ्या बायका उभ्या राहून ओरडू लागल्या, जणू ती जीवच द्यायला निघाली होती. भरल्या पोटी तीन तास पाण्यात जायचे नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते. म्हणून तर तिला ते कोणी सांगितले नाही.

"त्यांचा काही दोष नाही," ती एमलिनला म्हणाली. "इथे जन्मलेल्याला यात सांगण्यासारखं काही दिसतच नाही. उद्या आपणही इथले झालो की विसरून जाऊ. त्याआधी लिहून ठेवते."

ती रोज सकाळी येई. ओल्या स्पंजने मला पुसून काढी, वाळू देई आणि मग लिही. बाहेरून येणाऱ्यांसाठी म्हणून ती इंग्रजीत लिही, आणि तिचे अक्षर बारीक आणि सरळ होते. बसचे तिकीट आधी आत घ्या. सोमवारी पाव मिळत नाही. कॉफी उभ्याने प्या, सगळे तसेच पितात. जेवल्यावर पोहू नका, निदान बायकांच्या देखत नको. पलीकडच्या खाडीतल्या देवळाला जा, तिथून परतीची शेवटची बोट सहाला सुटते. वारा नैऋत्येचा असेल तर जाऊ नका.

आणि सगळ्यांत खाली एक ओळ असे. सामान आत ओर्नेल्लाकडे ठेवा. ती नाही म्हणत नाही.

ही ओळ पहिल्यांदा लिहिली तेव्हा ओर्नेल्ला हात पुसत बाहेर आली.

"सिन्योरा, हे काय लिहिलंत? आत चार बॅगा येऊन पडल्यात. माझं दुकान आहे की गोदाम?"

"तुम्ही नाही म्हणालात का त्यांना?"

"तोंडावर कसं नाही म्हणणार?"

"मग बरोबर लिहिलंय मी," ग्वेन्डा म्हणाली.

ओर्नेल्लाने कपाळाला हात लावला आणि आत जाऊन बॅगांसाठी जागा केली.

अशी नऊ वर्षे गेली. माझे कौतुक झाले. लोक माझ्यापुढे उभे राहून फोटो काढत. पण मित्रांनो, एक गोष्ट मला तेव्हाच कळली होती. मला वाचणारे सगळे बाहेरचे होते. वाचून ते जात आणि पुन्हा दिसत नसत. गावातला माणूस माझ्याकडे कधी बघत नसे. त्याला गरजच नव्हती. ग्वेन्डाचेही तसेच होते. सगळे तिला हसून नमस्कार करत. ओर्नेल्ला मात्र नऊ वर्षे तिला परक्या बाईला म्हणतात तसे सिन्योराच, म्हणजे बाईसाहेबच, म्हणत राहिली आणि कोणी तिला कधी जेवायला बोलावले नाही. ती ते बोलून दाखवत नसे. दुपारी सगळ्या घरांच्या झडपा बंद झाल्या की ती आणि एमलिन माझ्याखालच्या बाकावर बसत. रिकाम्या रस्त्याकडे बघत दोघे एक संत्रे वाटून खात.

दहाव्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी ती आली, तेव्हा तिच्याच्याने हात वर होईना. एमलिन म्हणाला, "दे इकडे, मी लिहितो."

"तुझं अक्षर कोंबड्यांनाही वाचता येणार नाही," ती म्हणाली. बाकावर चढून, त्याच्या खांद्याला धरून तिने सगळे लिहिले. त्या आठवड्यात तिला शहरातल्या इस्पितळात नेले. दहा दिवसांनी एमलिन एकटाच बसमधून उतरला.

आमच्याकडे माणूस गेले की त्याच्या नावाचा काळ्या काठाचा कागद भिंतींवर लावतात. ओर्नेल्लाने स्वतः तो छापून आणला आणि माझ्या शेजारी डकवला. त्यावर ग्वेन्डाचे नाव होते आणि खाली लिहिले होते, 'रिवासेक्काची'. एमलिन तो कागद बराच वेळ वाचत उभा होता. नऊ वर्षांत तिला असे कोणी म्हटले नव्हते. दोन आठवड्यांनी वाऱ्याने तो कागद फाटून गेला.

मग एमलिन पारदर्शक प्लास्टिकचा मोठा पत्रा घेऊन आला. त्याने माझ्या चारही कोपऱ्यांना स्क्रू मारले आणि ग्वेन्डाचे अक्षर त्या पत्र्याखाली बंद केले. पाऊस लागू नये, कोणाचा हात लागू नये म्हणून. येणारे जाणारे म्हणाले, "छान केलं. आठवण जपली." तो रोज सकाळी येई, पत्रा रुमालाने पुसे आणि बाकावर बसे. संत्रे आणत नसे.

मला आत काहीच लागत नव्हते. ना स्पंज, ना खडू, ना कोणाचा तळवा. खुराड्यातही मी इतका एकटा नव्हतो.

सप्टेंबर संपला की बोटींची वेळ बदलते. उन्हाळ्यात शेवटची बोट सहाला, त्यानंतर चारला. ग्वेन्डा दर वर्षी तो आकडा बदलत असे. ओर्नेल्ला बाहेर आली आणि एमलिनच्या बाजूला उभी राहिली.

"एमलिन, बोट आता चारची झाली. तेवढा एक आकडा..."

"हात लावू नका."

"नुसता आकडा हो."

"तो तिनं लिहिलाय," एमलिन म्हणाला.

दुःखातल्या माणसाला एकच गोष्ट दोनदा सांगायची नाही, अशी आमच्या गावाची रीत आहे. ओर्नेल्ला आत गेली. बारमध्ये जो येई त्याला ती तोंडाने सांगे, "चारला हं, चारला." तिला वाटले तेवढे पुरेल. गावातल्या बाकी सगळ्यांना वेळ पाठच होती. फळ्यावर काय लिहिले आहे याने त्यांना काय फरक पडणार होता?

ऑक्टोबरात डेन्मार्कहून एक बाई आल्या. नाव बोडिल, वय सत्तरच्या पुढे, एकट्याच. त्यांनी मला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचले. ओर्नेल्ला मागे स्वयंपाकघरात मासे तळत होती. बाईंनी दारातून हाक मारली, उत्तर आले नाही, तेव्हा शेवटची ओळ वाचून त्यांनी आपली बॅग आत गल्ल्यापाशी ठेवली आणि त्या धक्क्याकडे गेल्या. खाडीत उतरवताना नावाड्याने चार बोटे दाखवून त्यांना काहीतरी ओरडून सांगितले. त्यांना आमची भाषा येत नव्हती. त्यांनीही हसून हात हलवला. सहाची बोट त्यांनी वाचलेली होती.

खाडीतून परत यायला दुसरी वाट म्हणजे कड्यावरची पायवाट. सहा वाजून गेले, बोट आली नाही, तेव्हा बाई त्या वाटेने निघाल्या. दिवस मावळत होता. वळणावर त्यांचा पाय घसरला आणि घोट्याचे हाड मोडले.

इकडे ओर्नेल्ला बार बंद करायला गेली तर गल्ल्यापाशी एक परकी बॅग. ती बॅगेकडे बघत राहिली, मग बाहेर आली आणि माझ्याकडे बघितले. नऊ वर्षांत तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचले असेल. ती धावत धक्क्यावर गेली. नावाडी आणि आणखी दोघे कंदील घेऊन वर चढले. तासाभरात बाई सापडल्या. खडकाला टेकून थंडीने थरथरत होत्या.

तीन दिवसांनी त्या कुबड्यांवर बॅग न्यायला आल्या. एमलिन बाकावर होता. गावात काय झाले ते त्याच्या कानावर आले होते. पण कोणी त्याला दोष दिला नव्हता, आणि तेच त्याला सोसत नव्हते. बाई त्याच्या शेजारी बसल्या आणि माझ्याकडे बघू लागल्या.

"तुम्ही इथले का?" त्यांनी इंग्रजीत विचारले.

"नाही. म्हणजे, राहतो इथे."

"हे कोणी लिहिलंय? अक्षर फार सुंदर आहे."

"माझ्या बायकोनं."

"असं होय? मग त्यांना माझे आभार सांगा," बाई म्हणाल्या. "बॅगेचं लिहिलं नसतं तर मी अजून त्या कड्यावर असते. आणि बोटीची वेळ चुकलीय, तेवढं सांगाल का? कदाचित लक्षात आलं नसेल त्यांच्या."

एमलिनने हातातला रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "सांगतो."

बाईंची बस आली. त्याने त्यांची बॅग चढवून दिली आणि बस वळणाआड जाईपर्यंत तो उभा राहिला. मग घरी गेला. मला वाटले, आता तो आठवडाभर येणार नाही.

तो अर्ध्या तासात स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. त्याने चारही स्क्रू काढले आणि पत्रा उतरवून भिंतीला टेकवला. माझ्या अंगाला वारा लागला. त्याने पेराने मला ठोकले आणि कान देऊन ऐकले. मग बारच्या दाराकडे वळून म्हणाला, "स्पंज आहे का हो?"

ओर्नेल्लाने स्पंज आणून दिला आणि ती तिथेच उभी राहिली. एमलिनचा हात माझ्यापर्यंत येऊन थांबला. "तिचंच आहे सगळं," तो म्हणाला. "हे पुसलं की माझ्याकडे काय राहतं?"

"ती रोज पुसायची," ओर्नेल्ला म्हणाली. "मी खिडकीतून बघायचे ना. आधी पुसायची, मग लिहायची."

एमलिनने सहाचा आकडा पुसला. तेवढाच. त्या जागी त्याने चार लिहिले, मोठे आणि वाकडे.

"खरंच हो," ओर्नेल्ला म्हणाली, "कोंबड्यांनाही नाही वाचता येणार."

एमलिन हसला आणि मग बाकावर बसून रडला. ओर्नेल्ला त्याच्या शेजारी बसली. काही वेळाने म्हणाली, "रविवारी जेवायला या. एकट्यानं काय खाता रोज?"

त्यानंतर तो रोज लिहितो. हिवाळ्यात बस कमी झाल्या, ती ओळ गेली. पाववाल्याचा सुट्टीचा वार बदलला, ती गेली. ग्वेन्डाचे अक्षर एकेक ओळ कमी होत गेले. दर वेळी त्याचा हात थांबे, दर वेळी तो पुसे. आता तिची एकच ओळ राहिली आहे, सगळ्यांत खालची, कारण ती अजून खरी आहे. खडूचे अक्षर फार टिकत नाही. फिकट दिसले की एमलिन तिच्या रेघांवरून आपला खडू सावकाश फिरवतो. आता त्यातले अक्षर कोणाचे, हे मलाही सांगता येत नाही.

मित्रांनो, मी दगड आहे, मला फार कळत नाही. पण तुमच्या घरात कोणाच्या मागे राहिलेली एखादी वस्तू असेल, तर तिला झाकून ठेवू नका. ते माणूस जे काम तिच्याकडून घेत होते, तेच तिला द्या. चाकूने भाजी चिरा, घड्याळाला किल्ली द्या. झिजेल ती, झिजू द्या.

आणि कधी आमच्याकडे आलात, तर तिकीट आधी काढा. सामान आत ओर्नेल्लाकडे ठेवा. बाहेरच्या बाकावर एक म्हातारा एकटा बसलेला असेल. त्याला बोटीची वेळ विचारा, फळ्यावर लिहिलेली असली तरी विचारा.