उपविजेता प्याला

मी एक पितळी प्याला बोलतोय. पण बोलणं सुरू करण्याआधी एक सांगून ठेवतो. माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मीही अजून तुमच्यावर ठेवलेला नाही.

हा स्वभाव मला शनिवार पेठेत जडला. ढाली आणि चषक विकणाऱ्या एका दुकानात, काचेच्या कपाटात माझं बालपण गेलं. मालक श्यामराव. गिऱ्हाईक पायरी चढलं की ते चष्म्यावरून असे बघायचे, की काही न चोरलेल्या माणसानेही स्वतःचे खिसे चाचपावेत. कुणी मला हातात घेतलं की म्हणायचे, "घेणार आहात का? नसाल तर ठेवा. चषक जिंकून उचलायचा असतो." गोड बोलणाऱ्याच्या हाताकडे आधी पाहावं, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

एके दिवशी नांदेड फाट्याकडच्या एका वर्कशॉपची माणसं आली. कामगारांच्या व्हॉलीबॉल स्पर्धा होत्या. माझ्याहून वीतभर उंच असा एक चषक त्यांनी पहिल्या नंबरासाठी निवडला आणि मला दुसऱ्या. श्यामरावांनी माझ्या पोटावर कोरून दिलं, 'उपविजेता १९९१'. सामना अजून व्हायचा होता, माझा निकाल मात्र दुकानातच लागला.

मला जिंकलं उत्तरेश्वरच्या संघाने. उत्तरेश्वर लातूरकडून पोटासाठी पुण्यात आलेला, लेथवर काम करणारा, उंचापुरा माणूस. त्याने मला धायरीतल्या आपल्या खोलीत फळीवर ठेवलं. त्यानंतर देश खुला झाला म्हणतात. बाहेरची यंत्रं आली, वर्कशॉपला टाळं लागलं, संघ पांगला. उत्तरेश्वर खोकला आणि काळजी घेऊन घरी बसला. कुणीतरी त्याला विश्रांतवाडीला एका प्रार्थनेला नेलं. परत आला तो डोळे पुसत, येशूचं नाव घेत.

चार दिवसांचं खूळ, असं मला वाटलं. शेजारी म्हणाले, बाटला, याला काहीतरी मिळालं असणार. मीही फळीवरून लक्ष ठेवून होतो. खोलीत नवीन काही आलं नाही. उलट जुनी माणसं येईनाशी झाली.

मग हळूहळू दुसरी माणसं जमू लागली. बंद पडलेल्या कारखान्यांतली, नवऱ्याने टाकलेली, दवाखान्यांना कंटाळलेली. स्वतःला ती मंडळी म्हणायची. पुढे एका गोठ्याशेजारची पत्र्याची शेड मिळाली आणि उत्तरेश्वर पास्टर झाला. टाळ्या, ढोलकी, रडणं, मध्येच कुणी आत्म्याने भरून न कळणाऱ्या भाषेत बोलू लागणं. बाहेरची माणसं पत्र्याला कान लावायची आणि आतली माणसं फटीतून बाहेर बघायची. पुढे माझ्यासारख्याची सोय तिथे चांगली झाली.

येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच भाकरीतला घास आणि एकाच प्याल्यातला घोट घ्यायचा, ते प्रभुभोजन. पहिल्या प्रभुभोजनाला भाकर होती, पण प्याला नव्हता. तेव्हा भाजी विकणारी म्हातारी इंदुबाई म्हणाली, "पास्टर, तुमच्या घरी ते बक्षिसाचं भांडं हाय की." पितळेत आंबट कळकतं, म्हणून दारावर आलेल्या कल्हईवाल्याकडून मला आतून कल्हई करून घेतली. पोटावरची अक्षरं घासून टाकू का, असंही त्याने विचारलं. उत्तरेश्वर हसला. "ऱ्हाऊ द्या. पहिला नंबर कुनाचा, ते ठरलेलंच हाय."

माझ्यात काळ्या मनुकांचा उकळून गाळलेला रस असायचा. एकदा कुणीतरी चुगली केली, की इथे दारू पाजून बाटवतात. एक हवालदार आला. त्याने मला उचलून वास घेतला, पुन्हा घेतला. इंदुबाई म्हणाली, "मनुकांचं पानी हाय साहेब. घोटभर घ्या, खोकला बरा हुईल." साहेबांनी मला असं खाली ठेवलं, की जणू मीच त्यांना काही करणार होतो.

या मंडळीची एक पद्धत होती. पास्टरांनीच ती घालून दिलेली. महिन्याच्या पहिल्या रविवारी मला स्टुलावर ठेवायचे आणि सगळे गप्प बसायचे. ज्याच्या मनात इथल्या कुणाविषयी काही असेल त्याने उठायचं, त्या माणसापुढे जायचं आणि बोलून मोकळं व्हायचं. हात मिळाल्याशिवाय प्याला फिरायचा नाही. एकदा हंड्यावरून भांडलेल्या दोन जावांपायी मी दुपारपर्यंत ताटकळलो होतो. मग माझा प्रवास सुरू व्हायचा, या हातातून त्या हातात, या ओठांवरून त्या ओठांवर. जीभ काहीही बोलते हो. ओठ खोटं बोलले की मला लगेच कळतं.

म्हणून कौशल्या पहिल्याच दिवशी माझ्या नजरेत भरली. इंदुबाईची ही शेजारीण, विधवा, मसाल्याच्या कारखान्यात कामाला. सोबत नम्रता नावाची शाळकरी मुलगी. कौशल्या यायची, दाराजवळ बसायची, पदर डोक्यावर घ्यायची. काही दिवसांनी तिने बाप्तिस्माही घेतला. तिची पाळी आली की दोन्ही कान धरून मला उचलायची, तोंडाला लावून तिरकं करायची, आणि ओठ घट्ट मिटलेले ठेवायची. थेंबभरही आत जात नसे. लोकांना वाटे, प्याली.

मला वाटलं, सापडली. ही आतल्या गोष्टी बाहेर पोचवणारी बाई. त्यात तिला चौकशीची खोड. तीही सगळ्यांची नाही, एकट्या जयसिंगची.

जयसिंग टेम्पो चालवायचा आणि मंडळीत ढोलकी वाजवायचा. त्याच्या साक्षीला सगळे मान डोलवायचे. साक्ष म्हणजे देवाने आपल्याला कशातून सोडवलं, ते उभं राहून सांगणं. जयसिंग ती रंगवून सांगायचा. "मी लई प्यायचो. एकदा दिवेलागणीला सिंहगड रोडनं टेम्पो घेऊन येत होतो, पिऊन. एका सायकलवाल्याला उडवलं. थांबलो न्हाई. रात्रंदिवस झोप न्हाई मला. मग पास्टरांनी डोक्यावर हात ठिवला, आन् प्रभूनं माझं ओझं उतरवलं. मला माफ केलं." मंडळी हात वर करून हालेलूया म्हणायची. बायका डोळे पुसायच्या. जयसिंग खाली बसून माझ्यातून मोठा घोट घ्यायचा. त्याच्या ओठांत खोट नव्हती. माझा त्याच्यावर कधी संशय गेला नाही.

उपासना संपून चहा होताना कौशल्या त्याच्याजवळ जायची. "जयसिंगभाऊ, कुठल्या साली झालं वो ते?" पुढच्या वेळी, "कालव्याच्या अलीकडं का पलीकडं?" कधी, "सायकल कसली होती?" जयसिंग बिचारा आठवेल तसं सांगायचा. साल एकदा एक सांगे, एकदा दुसरं. कौशल्या मान हलवून चहाचे कप विसळायला निघून जायची. ही पोलिसांची बाई आहे याबद्दल माझी खात्रीच झाली. जयसिंगला सावध करावं असं मला फार वाटायचं. पण कान असून उपयोग काय, तोंड दिलंय ते दुसऱ्यांनी प्यायला.

वर्षं गेली आणि धायरीतली शेतं इमारतींखाली गेली. नम्रताच्या बारावीच्या परीक्षेत एकदा बस बंद होत्या, तेव्हा जयसिंगनेच तिला टेम्पोत पुढे बसवून कॉलेजला पोचवलं. शेडच्या दारात उभी राहून कौशल्या तो टेम्पो दिसेनासा होईपर्यंत बघत होती. मुलगी परत आली तेव्हा कुठे तिने सकाळचा चहा घेतला. पुढे नम्रता इंजिनिअर झाली, हिंजवडीला आयटी कंपनीत लागली. तिच्यामागून तिच्यासारखी मुलं मंडळीत येऊ लागली. गिटार आलं, भिंतीवर गाण्याचे शब्द उमटायला लागले. इंदुबाई तोवर प्रभूकडे गेली होती. गप्प बसून वाट बघायची पद्धतही आखडत चालली. पोरं मनगटावरची घड्याळं बघायची.

आणि कौशल्येचे ओठ अजून मिटलेलेच होते. बातम्या पुरवणारी बाई इतकी वर्षं थांबते का, अशी शंका आता माझ्याच शंकेला येऊ लागली होती.

२००९ च्या पावसाळ्यात पुण्यात स्वाइन फ्लू आला. शाळा बंद झाल्या, रस्त्यावर सगळ्यांच्या नाकावर रुमाल. शेजारी शिंकला तरी लोक चोराकडे बघावं तसे बघू लागले. मला ते दिवस ओळखीचे वाटले, सगळं पुणं श्यामराव झालं होतं. नम्रता पास्टरांना म्हणाली, "अंकल, एकाच कपमधून सगळ्यांनी पिणं आता सेफ नाहीये. छोटे डिस्पोजेबल कप मिळतात, ट्रेमध्ये. प्रत्येकाचा वेगळा. टाइमपण वाचेल." पास्टर थकले होते. त्यांनी माझ्या कडेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. पुढल्या रविवारी त्यांनी सांगून टाकलं, की आजपासून प्याला फिरणार नाही. आज तो भरून नुसता स्टुलावर राहील, शेवटचा. आपण गप्प बसू, आणि मग हे छोटे कप घेऊ.

सगळे गप्प बसले. पोरांनी घड्याळं पाहिली. पास्टरांचा हात ट्रेकडे गेला तेवढ्यात कौशल्या उठली.

ती जयसिंगपुढे जाऊन उभी राहिली. रुमाल नाकावरून खाली ओढला. "जयसिंगभाऊ, त्या सायकलच्या कॅरिअरला काय बांधलं होतं?"

जयसिंग हसल्यासारखा झाला. मग त्याचं हसू गेलं. साक्षीत त्याने हे कधीच सांगितलं नव्हतं. "डबा होता," तो म्हणाला. "पिठाचा. समदा रस्ता पांढरा झाला होता."

"ज्वारीचं होतं," कौशल्या म्हणाली. "गिरणीतून घरी येत होते. मी तवा टाकून बसले होते."

ढोलकी जयसिंगच्या मांडीवरून घसरली, ती कुणी धरली नाही.

"इंदुबाईनं तुमची साक्ष सांगितली, म्हणून आले मी हितं," कौशल्या बोलत होती. आवाज चढवला नव्हता. "आदी वाटलं, तुमीच. मग वाटलं, रस्त्यावर सायकलवाले काय थोडे असत्यात. दर महिन्याला तुमी सांगायचे, देवानं माफ केलं. हे समदे हालेलूया म्हनायचे. देवानं केलं आसंल. मला कुनी इचारलं?"

पास्टर स्टुलाला धरून उभे होते. इतकी वर्षं ती साक्ष त्यांनी ऐकली होती, तिच्यावर टाळ्या वाजवल्या होत्या. तो सायकलवाला कोण, घरी त्याचं कोण होतं, हे एकदाही त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. त्यांच्या नाही आणि दुसऱ्या कुणाच्याही नाही. मी सगळ्या जगावर संशय घेतो, पण तो प्रश्न मलाही सुचला नव्हता.

जयसिंग गुडघ्यावर बसला. साक्ष देताना बघायचा तसा तो वर छताकडे बघू लागला, मग त्याने मान खाली आणून तिच्याकडे पाहिलं. "ताई," तो म्हणाला. "चुकलं माझं. तुमी म्हनाल तिथं येतो. चौकीत चला म्हनला तर आत्ता येतो."

त्याने हात पुढे केला. कौशल्येने तो धरला नाही.

ती स्टुलापाशी आली. माझ्यातला रस तिने बाहेर कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतला, मला पदराने पुसलं आणि पास्टरांना म्हणाली, "ह्यो माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. ज्या दिवशी पिईन, त्या दिवशी आनून दीन." पास्टर नुसतेच बाजूला झाले. ट्रेमधल्या छोट्या कपांना त्या दिवशी कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं चौकीत गेली होती. नम्रता सोबत होती, तिच्या तोंडून मी ऐकलं. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, जुने कागद शोधतो म्हणाले, आणि मग काहीच झालं नाही. ते खरंच शोधले का, याविषयी माझं मत विचारू नका.

आता मंडळी हायवेजवळ एका हॉलमध्ये भरते. एसी आहे, पार्किंग आहे. पास्टर उत्तरेश्वर मागच्या खुर्चीत बसतात, बोलतात दुसरेच. जयसिंग ढोलकी वाजवतो, पण साक्ष देत नाही.

मी कौशल्येच्या स्वयंपाकघरात आहे, पिठाच्या डब्याशेजारी फळीवर. महिन्याच्या पहिल्या रविवारी जयसिंग येतो आणि बाहेर पायरीवर बसतो. "आलोय, ताई," म्हणतो. ती आतून म्हणते, "दिसतंय." स्टीलच्या ग्लासात पाणी नेऊन ठेवते. तो पितो, ग्लास पालथा ठेवतो आणि जातो. किती वर्षं हे असंच चाललंय. पहिली काही वर्षं मला वाटायचं, हा थकेल. मग वाटायला लागलं, ही थकेल. दोघंही थकली नाहीत, म्हातारी मात्र झाली.

गेल्या रविवारी तिने मला खाली काढलं आणि चिंच लावून घासलं. आत बोट फिरवून बघितलं. माझी कल्हई कधीच गेली आहे, आत हिरवट झालंय. माझ्यात रस ओतला तर कळकणार, हे तिला ठाऊक आहे.

"नमे," तिने हाक मारली, "कल्हईवाला कुटं मिळतो का बघ की तुझ्या फोनवर."

"आई, सीरियसली? शोकेसमध्ये ठेवायला कल्हई कशाला लागते?"

"ठिवायला न्हाई," कौशल्या म्हणाली.

बाहेर पायरीवर जयसिंगचा पाण्याचा ग्लास तोंडापर्यंत गेला होता, तो तिथेच राहिला.

माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळलाच आहे. मला विकायला काढत असेल, असंही माझ्या मनात येऊन गेलं. पण विकायचं भांडं कुणी असं पदराने पुसून छातीशी धरत नाही. धायरीत आता कल्हईवाले येत नाहीत. नम्रताच्या फोनवरही कुणी सापडला नाही. तुमच्या भागात एखादा अजून हाक देत फिरत असेल, तर त्याला इकडे पाठवा. घर सापडायला सोपं आहे, पहिल्या रविवारी ज्याच्या पायरीवर एक म्हातारा टेम्पोवाला बसलेला दिसेल, ते. मी तुमच्यावर विश्वास ठेवून सांगतोय. फक्त फार उशीर करू नका.