शुक्रवारची वेगळी बॅच
आखातातल्या अल मजाजमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये गिरिजाताई दर शनिवारी बिल्डिंगमधल्या मराठी पोरांना मराठी शिकवत. पोरं नऊ. शिकवणं म्हणजे काय, तर बाईंनी मराठीत विचारायचं आणि पोरांनी इंग्रजीत उत्तर द्यायचं. तरी ताईंनी चिकाटी सोडली नव्हती.

दहावी आली फिझा. तिचे वडील फहद दापोलीकडचे, खालीच त्यांचं मसाल्याचं दुकान. पहिल्या दिवशी ताईंनी विचारलं, काल काय जेवलात? कुणी "पास्ता" म्हणालं, कुणी "चिकन". फिझा मात्र सुटलीच. "दादीन बांगडं तललान, नि मांजरीन एक पलवलान!" वर्ग खदाखदा हसला. ताईंना भरून आलं. अखेर मराठीत बोलणारं एक तरी पोर मिळालं होतं.

संध्याकाळी रुपालीचा फोन आला. ही वर्गातल्या काव्याची आई, माहेर गुहागरचं.

"ताई, पर्सनली मला काही नाही हां. पण काव्या घरी 'खाल्लान, पलवलान' करतेय. मुलांच्या कानावर प्रॉपर मराठी नको का पडायला? आणि ते लोक मराठी थोडीच आहेत, मुसलमान आहेत. सगळ्या पेरेंट्सचं हेच म्हणणं आहे."

ताईंना राग आला, पण तो गिळायची त्यांना जुनी सवय. त्यांनी मधला मार्ग काढला. फिझाला शुक्रवारी एकटीला शिकवायचं, म्हणजे कुणीच दुखावणार नाही. फहदभाईंना फोन करण्याआधी त्यांनी वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं, "तेच पुस्तक, त्याच बाई, फक्त वार वेगळा."

टेबलाशी त्यांची मुलगी तनया शाळेचं प्रेझेंटेशन करत बसली होती. विषय, अमेरिकेतल्या काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत बसायला मिळावं म्हणून झालेला लढा.

"आई, धिस इज माय स्लाइड फोर," ती म्हणाली. "तिथले गोरेही हेच सांगायचे. शाळा वेगळी, पण सगळं सेम. कोर्ट म्हणालं, वेगळं बसवलं की सेम राहतच नाही."

"अगं, तिथे केवढा अन्याय होता! मुलांना पोलिसांच्या पहाऱ्यात शाळेत न्यावं लागायचं. इथे एवढंसं तर आहे."

"सो हाउ मच इज ओके, आई?"

ताईंना लाज वाटली, अगदी कानापर्यंत. त्यांनी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, "बॅच एकच, शनिवारची, फिझासकट. 'खाल्लान' ज्यांना खटकतं, त्यांनी गावाकडच्या आपल्या आजीला एकदा फोन लावून ती कसं बोलते ते ऐकावं." सगळ्यांनी वाचलं. उत्तर कुणाचंच आलं नाही.

शनिवारी दहा वाजता फहदभाई दारापर्यंत आले. "यल्ला, चल फिझा, नीट बस. बाईंचं ऐक." ते गेले. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. सतरंजीवर एकटी फिझा, मांडीवर कोरी वही.

"बाई, त्यांना आज सुट्टी हाय?"

पोरीला खोटं सांगणं सोपं होतं.

"नाही गं. शाळा आहे आज."

त्यांनी हजेरीचा कागद उघडला आणि काव्यापासून नऊच्या नऊ नावं पुकारली. प्रत्येक नावानंतर थांबल्या, आणि कागदावर गैरहजर असं लिहिलं.

"फिझा."

"हजर, बाई!"