सोमवारचा डबा

कॉलेजच्या पहिल्या दिवशी देवबागच्या रसिकाने ठरवलं होतं, बोलायचं ते शुद्ध मराठीतच. त्यामुळे मधल्या सुट्टीपर्यंत बाकावरच्या तिघींशी तिचं "आपण कुठून येता?" यापुढे काही सरकलं नव्हतं. त्याही तितक्याच शुद्ध आणि तितक्याच अवघडलेल्या.

डबे उघडले. तिघींकडे काळ्या वाटाण्याची उसळ नाहीतर बटाट्याची भाजी; रसिकाच्या डब्यात रव्यात तळलेली कोळंबी! सोमवारी कुणाच्याच घरी मासे शिजत नाहीत, पण लेक कॉलेजात निघाली या गडबडीत आई वारच विसरली होती. रसिकाने धाडकन झाकण लावलं आणि शुद्ध मराठी गेली खाडीत.

"माझी आवस वार इसारली गो!"

तिघी अशा खिदळल्या की मागच्या बाकावरचेही वळून बघायला लागले.

"झाकण कित्याक लावतंस?" शेजारची श्रिया म्हणाली. "उघडा ठेव. वासान सोमवार मोडणा नाय."

चौघींनी उसळ-भाजी वाटून खाल्ली. कोळंबीला कुणी बोट लावलं नाही.

मंगळवारी मधल्या सुट्टीत तिघींनी रसिकासमोर डबे उघडले. तिन्ही डब्यांत नुसत्या भाकऱ्या होत्या.