यार्देनची निळी पट्टी

डेट्रॉइटच्या त्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या हौदामागे यार्देन नदी रंगवलेली असायचीच. झाडं, खडक, पाण्यावर कबुतर. ओलीने जुनं चित्र पोपडलं, तेव्हा पाळकांनी अर्डेलियाला नवं काढायला सांगितलं. अर्डेलियाने काढलं ते असं: भिंतभर गर्द निळी पट्टी, तिच्यात रुतलेला काळा त्रिकोण, वर पिवळंधमक वर्तुळ. बस्स. आपली लेक नेटी या पिवळ्याखालीच पाण्यातून वर यावी, एवढीच त्या माउलीची आस.

"नदी कुठाय गं? आटली वाटतं!" बायका हसल्या.

गायनमंडळातली व्हर्लीन, तिची तीस वर्षांची मैत्रीण, मात्र हौदाच्या काठावर बसून पाहतच राहिली. डोळे पुसत म्हणाली, "पाळक प्रवचन गाताना सूर चढवतात आणि मध्येच श्वास तोडतात ना, तो हा काळा. आणि मग हे पिवळं! अर्डे, बुडालेलं माणूस वर येतं तेव्हा अस्संच दिसतं गं."

अर्डेलिया भरून पावली. चर्चची समिती चित्रावर कुरकुरत होती, पण व्हर्लीन समितीत होती. "मी आहे ना," म्हणाली होती.

नेटीच्या बाप्तिस्म्याच्या रविवारी हौदापुढचा पडदा सरला. निळ्यावर पांढऱ्या लाटा, त्रिकोणाला खडकाच्या भेगा, वर्तुळाला चोच आणि पंख. लाटांचे फटकारे डावखुरे होते. व्हर्लीन डावरी.

ओल्या नेटीला आडोसा करायची चादर घेऊन उभ्या व्हर्लीनला अर्डेलियाने हळूच विचारलं, "तू?"

"समिती सगळंच पुसणार होती, बाई. म्हटलं, खालचं तरी राहील."

"तुला दिसली होती ना नदी?"

व्हर्लीनने चादरीची घडी उगाच सारखी केली. "दिसली होती गं. पण एकटीलाच दिसून कसं चालेल? लोक मलाही हसायला लागले होते."

पाळकांनी नेटीला बुडवून वर काढलं आणि सूर लावला, "कोण आहे साक्षीला?"

या हाकेला वीस वर्षं पहिली ओ अर्डेलियाची. सगळं चर्च तिच्यासाठी थांबायचं. आजही थांबलं. पाळकांनी पुन्हा हाक दिली. अर्डेलिया टॉवेल उलगडत राहिली.

"मी आहे, प्रभू!" शेवटी व्हर्लीनने ओ दिली. अगदी सुरात. मग सगळे गाऊ लागले.

अर्डेलियाने निथळत्या लेकीला टॉवेलात घेतलं.

"आई, तू का नाही ओ दिलीस?"

"डोकं पूस आधी," ती म्हणाली.